ढाल पांघरलेली माशी: फोटोवरून कीटक ओळखणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

ओढ्याकाठच्या ओलसर गवतात, पानावर बसलेला, जेमतेम साडेचार मिलिमीटर लांबीचा आणि निळसर हिरव्या धातूसारखा चकाकणारा एक घुमटाकार किडा मी टिपला आणि फोटो पाहून कीटकांची नावे सांगणाऱ्या सेवेवर चढवला, तेव्हा पहिल्या क्रमांकाचे उत्तर आले ते पाने खाणाऱ्या भुंगेऱ्याचे. दुसरे उत्तर लेडीबर्ड भुंगेऱ्याचे होते आणि तिसरे ज्युवेल बग या चकचकीत ढेकणाचे. तिन्ही उत्तरे चुकीची होती, आणि ती जातीच्या किंवा कुलाच्या पातळीवर नव्हे तर थेट गणाच्या, म्हणजे कुलांहूनही मोठ्या गटाच्या, पातळीवर चुकीची होती. कारण तो किडा माशी होता. या एका माशीमुळे सेवेचे गुण आणि उणिवा मला जितक्या स्पष्ट दिसल्या, तितक्या त्याआधीच्या कित्येक महिन्यांच्या वापरात दिसल्या नव्हत्या, म्हणून हे परीक्षण मुख्यतः तिच्याभोवतीच लिहीत आहे.

सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्या तक्रारी पुढे येणार आहेत त्या एका संस्थेच्या निष्काळजीपणाच्या नाहीत. या धर्तीच्या इतर सेवा वापरणाऱ्यांनाही त्या ओळखीच्या वाटतील. शिवाय हे परीक्षण केवळ माश्यांपुरते आहे. फुलपाखरे किंवा चतुर यांच्याबाबत ही सेवा वापरणाऱ्याचे मत माझ्यापेक्षा बरेच उदार असेल, आणि ते योग्यही असेल.

सेवेची रचना दोन पदरी आहे. पहिल्या पदरात संगणकाची ओळखयंत्रणा असते. ती तुमचा फोटो, त्याचे ठिकाण आणि तारीख पाहते, आधी नावे दिलेल्या असंख्य फोटोंशी त्याची तुलना करते आणि संभाव्य नावांची उतरत्या क्रमाची यादी पुढे ठेवते. दुसऱ्या पदरात माणसे असतात. नोंद सार्वजनिक झाली की जगभरातले हौशी आणि व्यावसायिक ओळखकर्ते ती पाहतात, नावाला सहमती देतात किंवा वेगळे नाव सुचवतात, आणि पुरेशी सहमती झाली की नोंदीवर ‘निश्चित’ असा शिक्का बसतो. हे दोन पदर एकमेकांपासून वेगळे करून पाहिल्याशिवाय या सेवेविषयी न्याय्य मत देता येत नाही, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

आता त्या माशीकडे वळतो. यंत्रणा का चुकली हे समजून घेणे अवघड नाही. फोटो वरून घेतलेला होता, आणि वरून पाहिले असता दिसत होते ते एवढेच: एक गुळगुळीत, चमकदार घुमट आणि पुढे लहानसे डोके. अशा आकाराचे हजारो भुंगेरे यंत्रणेने पाहिलेले असतात. तरीही एक गोष्ट त्या पहिल्याच फोटोत स्पष्ट होती. भुंगेऱ्याच्या पाठीवरचे कवच म्हणजे त्याच्या पुढच्या पंखांची कडक झालेली जोडी असते, आणि ते दोन पंख जिथे मिटतात तिथे पाठीच्या मधोमध एक सरळ रेघ पडते. माझ्या किड्याच्या पाठीवर ती रेघ नव्हती. या दृष्टीने पाहिले तर तिसऱ्या क्रमांकाचे, म्हणजे ज्युवेल बगचे उत्तर सर्वांत शहाणपणाचे म्हणावे लागेल, कारण त्या ढेकणांमध्येही वक्षाच्या मागच्या टोकाचा स्कुटेलम नावाचा भाग वाढून सगळे उदर झाकतो आणि पाठीवर मधली रेघ नसते. माझ्या माशीने नेमकी हीच युक्ती केली होती, मात्र ती ढेकणांशी असलेल्या कोणत्याही जवळच्या नात्यातून नव्हे, स्वतंत्रपणे.

दुसरी खूण फोटोत नव्हती, आठवणीत होती. किडा उडाला तेव्हा भुंगेऱ्याचे कवच जसे दुभंगते तसे काहीच झाले नाही. ढाल जागच्या जागी राहिली आणि तिच्याखालून दोन पातळ पंख बाजूंना सरकून बाहेर आले. नोंदीखाली हे वाक्य मी लिहून ठेवले होते. यंत्रणा अर्थातच अशी वाक्ये वाचत नाही. पण नवव्या दिवशी एका ओळखकर्तीने ते वाचले आणि उत्तर लिहिले की ही सेलिफिडी कुलातील माशी असावी. मात्र खात्रीसाठी डोक्याचा बाजूने घेतलेला फोटो हवा, आणि शक्य असल्यास शृंगिकांचाही, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या अवयवांचाही. त्या दोन ओळींत यंत्रणेच्या यादीपेक्षा अधिक ज्ञान होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिने ‘आहे’ न लिहिता ‘असावी’ लिहिले होते.

सेलिफिडी कुलाला इंग्रजीत बीटल फ्लाय म्हणतात. मराठीत रूढ नाव नसल्यामुळे मी या लेखापुरते तिला भुंगेरमाशी म्हणेन. हे कुल लहान आहे, जाती शंभरच्या आसपास. त्यांतील बहुतेक आशियाच्या उष्ण, दमट प्रदेशांत आढळतात आणि थोड्या आफ्रिकेत. सेलिफस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, स्वीडिश निसर्ग अभ्यासक योहान विल्हेल्म डालमान यांनी १८१८ साली प्रस्थापित केली, म्हणजे विज्ञानाला ही माशी दोनशेहून अधिक वर्षे ठाऊक आहे. तिचे सर्वांत जवळचे नातेवाईक लॉक्सॅनिडी कुलातील माश्या असून त्या दिसायला अगदी साध्यासुध्या, पिवळट किंवा काळसर, नेहमीच्या माशीसारख्या असतात. त्यांच्या शेजारी भुंगेरमाशी ठेवली तर दोघींचे नाते कुणाला पटणार नाही. इतर माश्यांमध्ये स्कुटेलम हा वक्षाच्या मागे असलेला लहानसा त्रिकोणी तुकडा असतो. घरमाशीच्या पाठीवर पंखांच्या मुळांमध्ये भिंगातून तो सहज दिसतो. भुंगेरमाशीमध्ये तोच तुकडा फुगून घुमट होतो, उदरावर पसरतो आणि माशी बसली की पंख त्याच्याखाली घडी होऊन जातात.

ओळखकर्तीने मागितलेले फोटो घेण्यासाठी मला त्याच ओढ्याकाठी तीनदा जावे लागले. यातून मला जे शिकायला मिळाले त्याचा सेवेच्या परीक्षणाशी थेट संबंध आहे, कारण सेवेच्या सूचनापानावर यातले काहीही नाही. तिथे एवढेच सांगितले आहे की फोटो स्पष्ट असावा आणि कीटक चौकटीच्या मध्यभागी असावा. माशीच्या बाबतीत ‘स्पष्ट’ या शब्दाला काही अर्थ नाही. सुंदर, धारदार, पण केवळ वरून घेतलेला फोटो निरुपयोगी ठरू शकतो, आणि थोडा हललेला पण नेमक्या कोनातून घेतलेला फोटो कुल ठरवून देऊ शकतो. माशीसाठी किमान चार बाजू लागतात: वरून, ज्यात वक्षावरचे पट्टे आणि केस दिसतात; बाजूने, ज्यात पाय आणि वक्षाच्या कडेचे राठ केस दिसतात; समोरून, ज्यात डोळ्यांमधले अंतर, शृंगिका आणि मुखांगे दिसतात; आणि पसरलेल्या पंखाचा एक फोटो, ज्यात शिरा मोजता येतात. यांपैकी शेवटचा सर्वांत मोलाचा आणि मिळायला सर्वांत कठीण, आणि भुंगेरमाशीच्या बाबतीत तर जिवंतपणी जवळजवळ अशक्य. चमकदार पाठीवर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि त्याखालचे सगळे बारकावे पुसले जातात, म्हणून फ्लॅशपुढे पातळ पांढऱ्या प्लास्टिकचा डिफ्यूझर धरावा लागला. एवढ्या जवळून मॅक्रो लेन्समधून किड्याचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर धारदार येतो. फोकस किंचित सरकवत घेतलेले अनेक फोटो जोडण्याची फोकस स्टॅकिंगची पद्धत जिवंत, चालत्या माशीवर फारशी चालत नाही.

तिसऱ्या खेपेस बाजूचा फोटो मिळाला. त्यात मोठा संयुक्त डोळा दिसत होता, खाली वळलेली, टोकाला मऊ गादी असलेली माशीची सोंड दिसत होती (भुंगेऱ्याला चावणारे जबडे असतात), आणि शृंगिकेवरचा अरिस्टा, म्हणजे बहुतेक माश्यांमध्ये केसासारखा बारीक असणारा भाग, बुडाशी चपटा, पानासारखा रुंद झालेला दिसत होता. हे या कुलाचे ठळक लक्षण आहे. त्याच दिवशी दोन ओळखकर्त्यांनी कुलाला सहमती दिली. यंत्रणेने मात्र नव्या फोटोंनंतरही मत बदलले नाही, आणि कारण पुढे लक्षात आले: एका नोंदीत अनेक फोटो चढवता येतात, पण यंत्रणा फक्त पहिला फोटो पाहते. बाजूचा फोटो क्रमाने पहिला ठेवताच यादीत वरती माशी आली. ही गोष्ट सेवेच्या पानांवर कुठेही ठळकपणे लिहिलेली मला सापडली नाही, आणि माझ्या मते ही तिची सर्वांत सहज दुरुस्त होण्यासारखी उणीव आहे.

यानंतर मी त्याच गवतातून एकच माशी नमुना म्हणून घेतली. ती जागा संरक्षित क्षेत्रात येत नाही. तशी येत असती तर परवानगीशिवाय नमुना घेणे योग्य झाले नसते. नमुना का हवा, हा प्रश्न सेवेवर अनेकदा रागाने विचारला जातो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली वीस पट मोठे करून, बारीक टाचणीच्या टोकाने ढालीची कड जराशी उचलल्यावर जे दिसले ते कोणत्याही फोटोत येणे शक्य नव्हते. ढाल फक्त पुढच्या बाजूला वक्षाला जोडलेली होती आणि मागे मोकळी होती; तिच्या आणि उदराच्या मधल्या पोकळीत पंख घडी करून ठेवलेले होते. पंखांची एकच जोडी होती, आणि दुसऱ्या जोडीच्या जागी दोन लहान, टोकाला गाठ असलेल्या दांड्या होत्या. या दांड्यांना संतोलक म्हणतात. उडताना त्या पंखांच्या बरोबरीने कंप पावतात आणि शरीर कोणत्या दिशेला वळते आहे याची जाणीव माशीला देतात. द्विपंखी, म्हणजे माश्यांच्या, गणाची ओळख अखेर या संतोलकांवर टेकलेली आहे. त्या दिसल्या की भुंगेरा, ढेकूण आणि गांधीलमाशी हे सगळे पर्याय एका क्षणात बाद होतात.

नमुना ठेवण्याची पद्धतही माश्यांच्या बाबतीत वेगळी आहे, आणि सेवेवरील अनेक जण ती चुकीची करतात असे त्यांनी चढवलेल्या फोटोंवरून दिसते. एवढ्या लहान माशीतून नेहमीची कीटक-टाचणी आरपार घातली तर वक्षावरचे नेमके ओळखीचे केस नष्ट होतात. म्हणून कडक कागदाचा निमुळता त्रिकोण कापून त्याच्या टोकाला माशीची उजवी बाजू किंचित गोंदाने चिकटवतात आणि टाचणी कागदातून घालतात. डावी बाजू त्यामुळे तपासायला मोकळी राहते. माशी अल्कोहोलमध्ये ठेवली तर डीएनए तपासणीसाठी ती चांगली राहते, पण नंतर तशीच वाळवली तर डोळे खचतात आणि उदर आक्रसते. माझ्या पूर्वीच्या दोन माश्यांचे असेच झाले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्या कोणत्या कुलातल्या हे मला आज सांगता येणार नाही. टाचणीवर दोन चिठ्ठ्या लागतात: पहिलीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव, दुसरीवर ओळख आणि ती कुणी केली. दुसरी चिठ्ठी वेगळी असते, कारण ओळख बदलू शकते आणि ठिकाण बदलत नाही. सेवेच्या नोंदीत मात्र या नमुन्याचा उल्लेख करण्यासाठी स्वतंत्र रकाना नाही. कोणत्या फोटोतली माशी कोणत्या टाचणीवर आहे हे लिहायचे असेल तर ते टिपणात कुठेतरी कोंबावे लागते, आणि टिपण शोधता येत नाही. फोटो आणि नमुना यांना जोडणारा दुवाच जर नोंदीतून गळून पडत असेल, तर वैज्ञानिक उपयोगाचा सेवेचा दावा अर्धाच खरा ठरतो.

या दाव्याविषयी बोलायचे तर फोटो किती भार पेलू शकतो, हा वाद माश्यांच्या अभ्यासकांमध्ये या सेवेच्या बाहेरही गाजलेला आहे. २०१५ साली स्टीफन मार्शल आणि नील इव्हनह्यूस यांनी दक्षिण आफ्रिकेतील एका माशीचे मार्लेइमिया झायलोकोपी या नावाने नवी जाती म्हणून वर्णन केले. ही माशी मोठ्या सुतार-मधमाशीसारखी दिसते, आणि तिचा जतन केलेला एकही नमुना वर्णनाच्या वेळी उपलब्ध नव्हता. वर्णन केवळ फोटोंवर आधारलेले होते. प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता याला सरसकट मनाई करत नाही. संहितेनुसार अशा वेळी मूळ नमुना म्हणजे फोटो नसून फोटोत दिसलेला तो प्राणी असतो, मग तो हाताशी असो वा नसो. यावर शेकडो वर्गीकरणतज्ज्ञांनी जाहीर हरकत घेतली. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे समजते, पण माझ्या पुढ्यातल्या भुंगेरमाशीने माझे मत पक्के केले: मार्लेइमियाचे रूप इतके वेगळे होते की फोटो पुरेसा ठरण्याची शक्यता तरी होती, बहुसंख्य माश्यांना तेवढे वेगळे रूपच नसते. २०१२ सालचे हिरव्या जाळीपंखी कीटकाचे उदाहरण मला अधिक आदर्श वाटते. मलेशियात टिपलेल्या एका फोटोवरून कीटकतज्ज्ञ शॉन विंटरटन यांना ती नवी जाती असल्याचा संशय आला, छायाचित्रकाराने पुढे त्याच भागात प्रत्यक्ष नमुना मिळवला, आणि मगच सेमाक्रिसा जेड हे नाव छापले गेले. फोटोने शंका निर्माण केली आणि नमुन्याने ती सोडवली. सेवेने हाच क्रम आपल्या रचनेत आणला असता तर मला हे परीक्षण निम्म्या लांबीत संपवता आले असते.

सेवेची बाजू मांडायची तर काही माश्या यंत्रणा खरोखर उत्तम ओळखते. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी, केसाळ, रुंद पंखांची आणि पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेली क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा तिने एकदाही चुकवली नाही. खतखड्ड्यावर येणारी, गांधीलमाशीचा आव आणणारी काळी हर्मेशिया इल्युसेन्स, जिच्या उदराच्या बुडाशी दोन अर्धपारदर्शक खिडक्या असतात, तीही बरोबर आली. मधमाशीची नक्कल करणाऱ्या एरिस्टॅलिससारख्या फूलमाश्यांना तिने मधमाशी म्हटले नाही, हे तर विशेष कौतुकाचे. अशा माश्यांची खूण ठळक असते आणि ती वरून दिसते, म्हणून हे शक्य होते.

उलट, जिथे खूण लहान असते तिथे यंत्रणा सरळ अंदाजावर जाते, आणि अंदाज आहे असे सांगत नाही. घरात आलेली जवळपास प्रत्येक करडी माशी तिच्या लेखी मस्का डोमेस्टिका असते. या घरमाशीच्या वक्षावर चार काळसर पट्टे असतात आणि पंखातली चौथी लांब शिर टोकाजवळ कोनात वळते. लहान घरमाशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फॅनियामध्ये ती शिर सरळ जाते, आणि रक्त पिणाऱ्या स्टोमॉक्सिसमध्ये डोक्यापुढे निघालेली टणक सोंड असते. हे तिन्ही फरक चांगल्या फोटोत दिसतात. माझ्या एका फोटोत स्टोमॉक्सिसची सोंड सुईसारखी पुढे आलेली होती, तरी पहिले उत्तर घरमाशीचेच आले. माणसाने ही चूक केली असती तर आपण त्याला चष्मा बदलायला सांगितले असते.

त्याहून गंभीर प्रकार मांसमाश्यांचा आहे. वक्षावर तीन काळे पट्टे, उदरावर बुद्धिबळाच्या पटासारखी करडी-काळी नक्षी आणि लालसर डोळे, एवढ्यावरून सार्कोफॅगिडी हे कुल ठरते. जात मात्र सामान्यतः नराच्या जननांगांवरूनच ठरते. त्यासाठी उदराचे टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून मऊ उती विरघळवाव्या लागतात आणि उरलेले कडक भाग ग्लिसरीनमध्ये ठेवून पाहावे लागतात. पाठीच्या फोटोवरून जात सांगणारे कोणतेही उत्तर हे उत्तर नसते. सेवा तरीही जातीचे पूर्ण नाव पहिल्या क्रमांकावर, ठळक अक्षरांत देते. ते पाहून वापरणारा ‘सहमत’ दाबतो, दुसरा कुणी त्याच्यामागोमाग दाबतो, आणि नोंद ‘निश्चित’ होते. पुढच्या वेळी यंत्रणेला शिकवण्यासाठी हीच नोंद वापरली जाते, म्हणजे चूक स्वतःलाच पुरावा म्हणून सादर करू लागते. जातीच्या पातळीवर न पोचलेल्या नोंदी मात्र यादीत खालच्या दर्जाच्या मानल्या जातात. प्रामाणिकपणे कुलावर थांबणाऱ्याला शिक्षा आणि बेधडक जात ठोकून देणाऱ्याला शिक्का, असा हा उलटा न्याय आहे.

ओळखकर्त्यांविषयी माझी तक्रार जवळजवळ नाही. उत्तराला कधी दोन दिवस लागतात, कधी महिना. माश्यांकडे पाहणारी माणसे फुलपाखरांकडे पाहणाऱ्यांपेक्षा फार थोडी आहेत, आणि वर्णन झालेल्या माश्यांच्या जाती मात्र दीड लाखाहून अधिक आहेत. क्वचित एखादा तुटक उत्तर देतो. पण जे उत्तर येते त्यात बहुधा कारण असते: कोणता केस, कोणती शिर, कोणता कोन. मला वाटते, सेवेने यंत्रणेच्या यादीच्या जागी या कारणांना अधिक जागा दिली तर नवशिक्याला माशीचे नाव मिळण्याबरोबरच माशी कशी पाहावी हेही कळेल.

भुंगेरमाशीची जात अखेर ठरली का, असे सेवेवर मला अनेकांनी विचारले. माश्यांच्या अभ्यासात अनेक वर्षे घालवलेल्या एका बाईंना मी तो नमुना दाखवला. त्यांनी ढालीची लांबी-रुंदी मोजली, अरिस्टाचा चपटा भाग पाहिला आणि सेलिफस ही प्रजाती निश्चित केली. मग उदराचे टोक पाहून त्या म्हणाल्या, “ही मादी आहे. जातीसाठी नर आणा.” दुसऱ्या चिठ्ठीवर त्यांनी प्रजातीचे नाव लिहिले आणि पुढची जागा कोरी सोडली. मी सेवेवरची ओळखही तेवढ्यावरच आणून ठेवली. यंत्रणा त्या नोंदीवर अजून एक पूर्ण जातिनाम सुचवत राहते, आणि मी ते दर वेळी नाकारतो.

पाचपैकी गुण द्यायचे तर ओळखकर्त्यांना मी साडेचार देईन, यंत्रणेला ठळक माश्यांसाठी चार आणि बाकीच्यांसाठी दीड, आणि नमुन्यांच्या सोयीला शून्य. ज्याला माशीचे कुल जाणून घ्यायचे आहे आणि त्यासाठी चार बाजूंनी फोटो घेण्याची तयारी आहे, त्याने ही सेवा जरूर वापरावी. पहिला फोटो वरून नव्हे, बाजूने घेतलेला ठेवावा. पावसाळा संपला की मी त्या ओढ्याकाठी पुन्हा जाणार आहे, या वेळी नराच्या शोधात.